परवडणारं कॅबर्ने ब्लेंड: निवडायचं कसं, उघडायचं कसं, पारखायचं कसं

नामांकित वायनरीची सगळ्यात महाग बाटली चांगली निघणार, हे सांगायला जाणकार लागत नाही. जमिनीचा उत्तम तुकडा, नवी बॅरल्स, हवा तेवढा वेळ असं सगळं तिच्या वाट्याला आलेलं असतं. माझ्या मते त्या घराण्याची खरी ओळख पटते ती यादीत बरंच खाली असलेल्या, कॅबर्ने या द्राक्षवाणावर उभ्या असलेल्या रेड ब्लेंडमध्ये, म्हणजे अनेक वाणांच्या मिश्र लाल वाइनमध्ये. तिथे खर्चाला कात्री लागलेली असते, पण निर्णय मात्र तेवढेच घ्यावे लागतात. कुठला वाण किती घालायचा, बॅरलमध्ये किती महिने ठेवायचं, बाटलीत कधी भरायचं? हे निर्णय नीट घेतले गेलेत का, ते बरंचसं लेबलवरून कळतं आणि उरलेलं ग्लासातून. ते कसं ओळखायचं आणि अशी बाटली हाती आली की तिचं चीज कसं करायचं, हे क्रमाने सांगतो.

आधी एवढं समजून घ्या: कॅबर्नेला जोडीदार का लागतो

कॅबर्ने सोविन्यों हा वाण कॅबर्ने फ्रां आणि सोविन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून जन्मला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी डीएनए तपासून काढलेला हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. या वाणाचे मणी लहान, साल जाड आणि गराच्या मानाने बी मोठी. लाल वाइनचा रंग सालीतून येतो आणि टॅनिन साल व बिया या दोन्हींतून, त्यामुळे कॅबर्नेत दोन्ही भरपूर. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून घोट घेतल्यावर हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळल्यासारखी होते. हा तुरटपणा वाइनचा कणा असतो, पण नुसत्या कण्यावर भागत नाही. एकट्या कॅबर्नेची चव पुष्कळदा सुरुवातीला दमदार, शेवटी लांबणारी आणि मधे पोकळ लागते.

ही पोकळी मर्लो हा दुसरा वाण भरून काढतो. त्याचे मणी मांसल, साल पातळ, टॅनिन मऊ. कॅबर्ने फ्रां सुगंध देतो. पेती व्हर्दो इतका गडद आणि तुरट असतो की चार-पाच टक्क्यांतही तो जाणवतो. मालबेक काळ्या फळांचा गर्भ देतो. ऑस्ट्रेलियात मर्लोची जागा बहुतेक वेळा शिराझ घेतो आणि सोबत मिरीचा तिखट वास घेऊन येतो.

यामागे शेतीचा हिशेबही आहे. या ब्लेंडचं घर असलेल्या फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाचं हवामान समुद्राच्या लहरीवर चालतं. मर्लोला कोंब लवकर फुटतात, म्हणून वसंतातल्या हिमतुषाराचा फटका आधी त्याला बसतो. कॅबर्ने उशिरा पिकतो, म्हणून शरदातल्या पावसात तो सापडतो. दोन्ही लावले की एक बुडालं तरी दुसरं हात देतं. कॅबर्ने पुरता पिकला नाही तर त्यात पायराझिन नावाची संयुगं जास्त राहतात आणि वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. तो किंचित असेल तर वाणाची खूण समजावी. ग्लासभर तोच वास असेल तर द्राक्षं कच्ची खुडली होती.

ब्लेंड म्हणजे उरल्यासुरल्याची मोट, असा समज अजून ऐकू येतो. तो मनातून काढून टाका. बोर्दोतल्या नामांकित शातोंची, म्हणजे स्वतःचा द्राक्षमळा असलेल्या वायनरींची, श्रेणी लावणाऱ्या १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीतल्या मेदॉक भागाच्या लाल वाइन जवळपास सगळ्या ब्लेंडच आहेत.

पायरी पहिली: बाटली स्वस्त का आहे, ते शोधा

कमी किमतीमागे चांगली कारणं असतात आणि वाईटही. चांगल्यातलं पहिलं कारण म्हणजे कोवळ्या वेली. नव्या लागवडीची द्राक्षं मुख्य वाइनमध्ये न घालता दुसऱ्या वाइनकडे वळवण्याची पद्धत बोर्दोत रुळलेली आहे. शातो लातूरच्या ‘ले फोर द लातूर’ या दुसऱ्या वाइनचं पहिलं साल, म्हणजे द्राक्षं खुडली ते वर्ष, १९६६. ती आज स्वस्त म्हणता येणार नाही, पण तत्त्व तेच आहे आणि खूप लहान शातोही ते पाळतात. इटलीत सासिकाया ही नामांकित वाइन बनवणाऱ्या तेनुता सान ग्विदोने २००० सालापासून कॅबर्ने आणि मर्लोची ‘ग्विदाल्बेर्तो’ काढली. ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड्सने १९६० साली ‘बिन ३८९’ हे कॅबर्ने-शिराझ सुरू केलं. त्याच घराण्याची ‘कूनुंगा हिल’ शिराझ-कॅबर्ने १९७६ पासून आहे आणि ती मुळातच रोजच्या पिण्यासाठी बनवलेली आहे. अशा बाटलीत द्राक्षं वेगळी असली तरी तळघरातले हात आणि जिभा त्याच असतात.

दुसरं चांगलं कारण बॅरलचं. बोर्दोच्या प्रमाण बॅरलमध्ये २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. नव्या बॅरलच्या खर्चाचा मोठा भाग या ३०० बाटल्यांवर पडतो. त्यामुळे स्वस्त वाइनला नवी बॅरल्स परवडत नाहीत. एक-दोन हंगाम वापरलेली बॅरल्स किंवा मोठ्या टाक्या वापरणं हा प्रामाणिक मार्ग आहे. बॅरल ज्या लाकडाची बनते त्या ओकच्या फळ्या किंवा चिप्स टाकीत सोडणं हाही कायदेशीर मार्ग आहे. युरोपीय संघाने २००६ साली चिप्सना परवानगी दिली. माझी त्याला हरकत नाही, फक्त लेबलवर ‘बॅरल’ शब्द टाळून नुसतं ‘ओक’ लिहिलेलं दिसलं की काय केलं असावं ते समजून घ्या.

वाईट कारण एकच, पण ते सगळीकडे दिसतं: कच्च्या, पाणचट वाइनवर साखरेचा मुलामा. लोकप्रिय रेड ब्लेंड्सपैकी कित्येकांत आंबल्यावर शिल्लक राहिलेली किंवा नंतर द्राक्षरसातून मिसळलेली साखर असते. पहिला घोट त्यामुळे गोड-गुळगुळीत लागतो आणि दुसऱ्या ग्लासाला कंटाळा येतो.

पायरी दुसरी: लेबल उलटसुलट करून वाचा

समोर वाणाचं एकच नाव असलं तरी आत दुसरे वाण असू शकतात. अमेरिकेत वाणाचं नाव लावायला त्याचं प्रमाण ७५ टक्के पुरतं, युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात ८५ टक्के लागतं. म्हणजे नुसतं ‘कॅबर्ने सोविन्यों’ लिहिलेली कॅलिफोर्नियाची बाटली पिताना चौथा हिस्सा दुसऱ्याच वाणांचा असू शकतो. दोन नावं असतील तर क्रम बघा. ऑस्ट्रेलियात आणि युरोपात जास्त प्रमाणाचा वाण आधी लिहायचा नियम आहे, त्यामुळे ‘कॅबर्ने-शिराझ’ आणि ‘शिराझ-कॅबर्ने’ या दोन वेगळ्या वाइन आहेत. ‘मेरिटेज’ हे नाव १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या उत्पादकांनी आणलं. बोर्दोचे किमान दोन वाण आणि कुठलाही एक ९० टक्क्यांच्या वर नको, असा त्याचा दंडक आहे.

मग बाटली फिरवा. बाटलीत कोणी भरली हे बारीक अक्षरात असतं आणि बरेच जण ते वाचतच नाहीत. फ्रेंच बाटलीवर ‘मिझ ऑं बुतेय ओ शातो’ म्हणजे जिथे बनली तिथेच भरली. अमेरिकन बाटलीवर ‘प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय’ असेल तर किमान ७५ टक्के वाइन त्या वायनरीने स्वतः आंबवलेली असते. ‘सेलर्ड’ किंवा ‘व्हिन्टेड अँड बॉटल्ड बाय’ असेल तर तयार वाइन बाहेरून विकत आणलेली असू शकते. वायनरी नावाजलेली आहे म्हणून बाटली घेणार असाल, तर ही एक ओळ निर्णायक आहे.

जड बाटली, खोलगट बूड, ‘रिझर्व्ह’, ‘ओल्ड व्हाइन्स’ यांवर भाव ठरवू नका. ‘रिझर्व्ह’ला स्पेन-इटलीत कायद्याचा अर्थ आहे, अमेरिकेत काहीच नाही.

जमलं तर वायनरीच्या संकेतस्थळावरचं तांत्रिक पत्रक उघडा. वाणांचे टक्के, बॅरलमधले महिने, शिल्लक साखर असं सगळं त्यात असतं. शिल्लक साखर लिटरला ४ ग्रॅमच्या आत असेल तर वाइन कोरडी. ८-१० च्या पुढे गेली की गोडवा जिभेला कळतो. जी वायनरी स्वस्त वाइनचंही पत्रक साद्यंत देते, तिच्यावर माझा विश्वास लवकर बसतो.

पायरी तिसरी: प्रदेश आणि साल

बोर्दोतली सगळ्यात मोठी फसगत इथे होते. नुसतं ‘बोर्दो’ लिहिलेल्या लाल वाइनमध्ये बहुधा मर्लोचा वाटा मोठा असतो, कारण त्या प्रदेशात लाल वाणांच्या निम्म्याहून जास्त क्षेत्रावर मर्लोच आहे. कॅबर्ने पुढे असलेलं ब्लेंड हवं असेल तर नदीचा डावा काठ शोधा, म्हणजे लेबलवर ‘मेदॉक’ किंवा ‘ओ-मेदॉक’. तिथली खडीची जमीन पाणी धरत नाही, उन्हात तापते, आणि उशिरा पिकणाऱ्या कॅबर्नेला तेच हवं असतं. याच पट्ट्यात ‘क्रू बुर्जुआ’ ही १८५५ च्या वर्गवारीबाहेरच्या शातोंची श्रेणी आहे. २०१८ च्या सालापासून तिच्यात साधी, सुपेरिए आणि एक्सेप्स्योनेल अशा तीन पायऱ्या आहेत. परवडणाऱ्या किमतीत खरा मेदॉक इथे मिळतो.

बोर्दोबाहेर ऑस्ट्रेलियाचं मार्गारेट रिव्हर आणि लाल मातीचं कूनावारा, दक्षिण आफ्रिकेचं स्टेलेनबॉश, अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातली कोलंबिया व्हॅली, चिलीची मायपो आणि कोलचाग्वा खोरी बघावीत. चिलीच्या ब्लेंडमध्ये कार्मेनेर हमखास भेटतो. हा मूळ बोर्दोचा वाण तिथे वर्षानुवर्षं मर्लो म्हणून खपत होता. १९९४ साली फ्रेंच तज्ज्ञ ज्यां-मिशेल बुर्सिको यांनी तो ओळखला.

सालाबद्दल सोपा नियम: साल उत्तम असेल तर लहान नावं घ्या, साल वाईट असेल तर मोठ्या घराण्याकडे जा. बोर्दोत २०१५, २०१६, २०१८, २०१९, २०२० या वर्षी द्राक्षं सगळीकडे पिकली, साध्या शातोंचीसुद्धा. २०१३ च्या गारठ्यात किंवा २०१७ च्या एप्रिलमधल्या हिमतुषारानंतर, खराब माल बाजूला काढायची ऐपत ज्यांच्याकडे होती त्यांनीच निभावलं. कोरड्या, उबदार प्रदेशात सालांमधला फरक कमी, तिथे फार विचार करू नका.

पायरी चौथी: उघडण्याआधी तापमान

स्वस्त लाल वाइनवर सगळ्यात मोठा अन्याय उष्णतेने होतो. १६ ते १८ अंश सेल्सिअस हे तिचं योग्य तापमान. खोली त्याहून गरम असेल तर बाटली २०-२५ मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. २२-२३ अंशांच्या वर गेली की अल्कोहोल नाकात शिरतं आणि फळाचा वास विस्कटतो. उलट फ्रिजमधून थेट काढून ओतली तर टॅनिन कडवट आणि खरखरीत लागतं. शंका असेल तर थोडी थंडच ओता, ग्लासात ती आपोआप वर येते.

वेष्टन बाटलीच्या ओठाखाली कापा, बूच काढल्यावर कडा पुसून घ्या. पहिला थोडासा घोट ओतून फक्त वास घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि फळ गप्प असेल, तर तो बुचातल्या ट्रायक्लोरोअॅनिसोल या संयुगाचा दोष आहे. हवा दिली तरी तो जात नाही, बाटली परत करा. स्क्रू कॅपला हा धोका नसल्यात जमा आहे आणि ती हलकेपणाची खूणही नाही. ऑस्ट्रेलियातल्या चांगल्या वायनरी ती सर्रास वापरतात. स्क्रू कॅपची बाटली उघडल्यावर कधी जळक्या काडीचा वास येतो. ग्लास जरा जोरात फिरवला की तो बहुतेक वेळा उडून जातो.

कोवळी बाटली, म्हणजे साल तीन-चार वर्षांच्या आतलं, काचेच्या कुठल्याही स्वच्छ जगमध्ये ओतून अर्धा ते एक तास ठेवा. डिकँटर असलाच पाहिजे असं नाही. नुसतं बूच काढून ठेवण्याने फारसं काही होत नाही, कारण बाटलीच्या गळ्याएवढ्याच भागाला हवा लागते. ग्लास पोटाकडे रुंद, तोंडाकडे निमुळता हवा आणि एक तृतीयांशच भरा.

पायरी पाचवी: घोट घेताना काय शोधायचं

आधी वास. ब्लॅककरंट, देवदाराचं लाकूड, कधी पुदिन्याची झाक ही कॅबर्नेची बाजू. पिकलेला प्लम ही मर्लोची. व्हॅनिला आणि खोबरं नाकात सगळ्यात आधी येत असेल तर अमेरिकन ओकचा हात आहे. तो फळाच्या मागे उभा हवा, पुढे नको.

मग घोट तोंडभर घोळवा आणि तीन जागी लक्ष द्या. जिभेच्या मध्यावर चव भरलेली राहते की अचानक रिकामी होते? रिकामी होत असेल तर ब्लेंड जमलेलं नाही. टॅनिन हिरड्यांवर बारीक मखमलीसारखं पसरतं की ओरखडे काढतं? गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं का? सुटत असेल तर आम्लता ठीक आहे आणि पुढचा घोट हवासा वाटेल.

साखर पकडायची एक खात्रीची युक्ती आहे. पिकलेल्या फळाचा वास मेंदूला गोडीचा भास करून देतो, म्हणून नाक चिमटीत धरा, मग घोट घ्या आणि नाक न सोडता जिभेवर काय उरतं ते बघा. नुसता तुरट-आंबटपणा उरला तर गोडी वासाची होती. तरीही जिभेच्या शेंड्यावर गोड लागलं तर बाटलीत साखर आहे.

पायरी सहावी: घरी स्वतः ब्लेंड करून बघा

ब्लेंड समजायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही, त्यामुळे इथे घाई करू नका. एकाच वायनरीच्या, शक्यतो एकाच सालाच्या तीन साध्या बाटल्या आणा: कॅबर्ने सोविन्यों, मर्लो आणि शिराझ. पेती व्हर्दो मिळाला तर शिराझऐवजी तो. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मिलिलिटरच्या खुणांचं माप नीट धुऊन वापरा आणि सारख्या आकाराचे पाच ग्लास घ्या.

पहिल्या ग्लासात ५० मिली निव्वळ कॅबर्ने. दुसऱ्यात ४० कॅबर्ने आणि १० मर्लो. तिसऱ्यात ३५ आणि १५. चौथ्यात २५ आणि २५. पाचव्यात तिसऱ्याचंच मिश्रण, आणि वर फक्त अडीच मिली तिसरा वाण. हे जेमतेम पाच टक्के होतात. मिसळल्या मिसळल्या चव घेऊ नका, ग्लास अर्धा तास झाकून ठेवा. मग घरातल्या कोणाला तरी ग्लासांची जागा बदलायला सांगा आणि कुठला कोणता हे माहीत नसताना चाखा.

साधारण असं दिसतं. निव्वळ कॅबर्ने ताठ, हिरड्यांवर कोरडं. १० मिली मर्लोने वासात फारसा फरक पडत नाही, पण जिभेच्या मध्यावर काहीतरी बसल्यासारखं वाटतं. १५ मिलीला पोकळी भरते आणि कॅबर्नेचा कणा तरीही हाताला लागतो. निम्मं-निम्मं केलं की तुरटपणा बराच जातो, सोबत शेवटही आखूड होतो, आणि कॅबर्ने कुठे गेला असा प्रश्न पडतो. पाचव्या ग्लासातल्या अडीच मिलीने रंग आणि वास इतका बदलेल असं मोजताना वाटत नाही. तुमच्या बाटल्यांत आकडे थोडे इकडेतिकडे होतील, आणि तेच शिकण्यासारखं आहे. वायनरीत दर हंगामात हेच काम होतं, फक्त तिथे तीन बाटल्यांऐवजी कित्येक शेतांच्या, टाक्यांच्या आणि बॅरल्सच्या नमुन्यांतून निवड करायची असते.

शेवटी बाजारातून आणलेलं ब्लेंड सहाव्या ग्लासात ओता आणि शेजारी ठेवा. आतापर्यंत नुसतं ‘छान आहे’ म्हणत होतात, आता कुठे काय घातलंय याचा अंदाज बांधता येईल. चाखलेले घोट भांड्यात थुंकून टाका. १५० मिलीच्या एका ग्लासात १४ टक्के वाइन असली तर सोळा-सतरा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. सगळे घोट गिळत गेलात तर शेवटच्या ग्लासांचा निवाडा जिभेचा राहत नाही.

जेवणाबरोबर

थोडक्यात: प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवतात, म्हणून मांस आणि मुरलेलं चीज याबरोबर तुरट वाइन मऊ लागते. मीठ तिला मदत करतं. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही भडकतात, तिथे जास्त मर्लोचं किंवा जास्त शिराझचं, कमी ओकचं ब्लेंड घ्या आणि थोडं थंड ओता. गोड पदार्थासमोर कोरडं कॅबर्ने कडू लागतं. माशाबरोबर टाळाच, वाइनमधल्या लोहामुळे तोंडात वशट चव राहते.

उरलेली बाटली आणि साठवण

अर्धी उरली तर लगेच ३७५ मिलीच्या लहान बाटलीत काठोकाठ भरा, बूच घट्ट बसवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. अशी ती तीन-चार दिवस चांगली राहते. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. मोठ्या बाटलीत हवेसकट ठेवली तर दुसऱ्या दिवशीच फळ मावळू लागतं. तरी एकदा मुद्दाम दुसऱ्या दिवशी चाखून बघा. भरीव ब्लेंड तेव्हा जास्त मोकळं झालेलं असतं, साखरेवर चालणारं मात्र सपाट पडतं.

वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी ही वाइन बनवलेली नसते. बहुतेक परवडणारी कॅबर्ने ब्लेंड्स सालापासून तीन ते सहा वर्षांत सगळ्यात छान लागतात, चांगल्या सालाचं क्रू बुर्जुआ दहापर्यंत जातं. बाटली अंधारात, १२ ते १४ अंशांच्या आसपास ठेवा, आणि बुचाची असेल तर आडवी. एखादं ब्लेंड मनापासून आवडलं तर तीन बाटल्या घ्या: एक आता, एक वर्षाने, एक तीन वर्षांनी. प्रत्येकीला एक कागद लावून त्यावर पेन्सिलीने उघडायचा महिना लिहा आणि मागच्या वेळचं टिपण त्याच कागदाला जोडून ठेवा.